छेदस्थानी कोण?

दहावीचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत गावोगावच्या माध्यमिक शाळांच्या फाटकावर फ्लेक्स चढतो. वर संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो, त्याखाली मुख्याध्यापकांचा जरा लहान, मग पहिल्या तीन-चार मुलांचे पासपोर्ट आकाराचे चेहरे आणि मधोमध लाल अक्षरांत 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम, निकाल १०० टक्के'. चौथी किंवा सातवी संपलेले मूल आता कोणत्या हायस्कुलात घालायचे, हा प्रश्न ज्या घरात पडलेला असतो, तिथली तुलना बहुतेक वेळा या फ्लेक्सपासून सुरू होते आणि तिथेच संपते. पलीकडच्या शाळेचा निकाल ९१ टक्के, हिचा १००. दाखला काढायला दुसऱ्याच दिवशी रांग. टक्केवारी म्हणजे साधा अपूर्णांक असतो. वर अंश, खाली छेद. अंशावर, म्हणजे किती मुले पास झाली यावर, मंडळाचा शिक्का असतो, म्हणून आपण त्यावर डोळे मिटून विश्वास टाकतो. खालचा छेद मात्र बराचसा शाळेच्या हातात असतो, आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. शाळांची तुलना करायची तर आधी छेद मोजा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. बाकी सारा त्याचा पुरावा.

आधी एक खुलासा. महाराष्ट्रात 'सरकारी हायस्कूल' म्हटले की नेमके काय डोळ्यांसमोर यावे, हे भागाभागावर ठरते. जिल्हा परिषदांनी प्राथमिक शाळांचे जाळे विणले, पण माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः खासगी संस्थांनी उचलला. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काढलेली रयत शिक्षण संस्था, पंजाबराव देशमुखांची अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था ही त्यातली ठळक नावे. या शाळांतल्या अनुदानित शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, अभ्यासक्रम आणि परीक्षा राज्य मंडळाची. मराठवाड्यात 'जिल्हा परिषद प्रशाला' या पाटीखालची हायस्कुले बरीच दिसतात; मोठ्या शहरांत महापालिकेच्या माध्यमिक शाळा आहेत. म्हणून इथे सार्वजनिक शाळा म्हणताना या तिन्ही धरल्या आहेत. सरकारच्या पैशावर चालणारी शाळा लोकांना हिशेब देणे लागते, आणि पुढचे सगळे प्रश्न त्याच आधारावर विचारायचे आहेत.

आता आकडे. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर कोसळला. त्याच्या पुढच्याच वर्षी ९५.३० वर चढला. या दोन वर्षांत राज्यातले शिक्षक बदलले नव्हते, शाळा बदलल्या नव्हत्या, मुलांची बुद्धी तर नाहीच नाही. बदलले होते ते गुणांचे गणित. २०१९ ला नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते, २०२० ला ते परत आले; शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरीने गुण मिळाले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के निघाला. त्यानंतर ९६.९४, ९३.८३, ९५.८१ आणि २०२५ साली ९४.१० असा आलेख आहे. पट्टी अशी लांब-आखूड होत असेल तर एका शाळेचा यंदाचा ९६ आणि पाच वर्षांपूर्वीचा ८१ यांतून 'शाळा सुधारली' असा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे. आणि राज्याची सरासरीच ९४ असेल, तर ९४ आणि १०० यांमधल्या सहा टक्क्यांच्या पट्ट्यात हजारो शाळा दाटीवाटीने उभ्या राहतात. चाळीस मुलांच्या तुकडीत दोन मुले नापास झाली की निकाल ९५ टक्के. त्या दोघांतला एक परीक्षेच्या आठवड्यात तापाने फणफणलेला असू शकतो. एवढ्या बारीक फरकावर मुलाची तीन किंवा सहा वर्षे ठरवायची?

हा झाला अंशाचा भाग. छेदाची गंमत नववीत आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. पुढे २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर आणि २०२३ च्या राज्याच्या नियमांनंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, तरी खरी चाळणी नववीचीच राहिली. नववीचे पेपर शाळाच तपासते आणि वर ढकलायचे की नाही हे शाळाच ठरवते. दहावीच्या वर्गात कच्चे मूल गेले तर फ्लेक्सवरचा आकडा बिघडणार, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला कळते. मग पालकांना बोलावणे जाते. आवाज समजुतीचा असतो: "याला झेपणार नाही हो, वर्ष वाया जाईल. सतरा नंबर भरा." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या दहावीला बसण्याचा अर्ज. शाळा सुटलेल्या, संसाराला लागलेल्या, कामावर जाणाऱ्या माणसांसाठी ही फार चांगली सोय आहे. कित्येकांची दहावी तिच्यामुळे झाली. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला शाळेतून उचलून या दाराने बाहेर काढले की त्याचा निकाल शाळेच्या खात्यात धरला जात नाही. मंडळ नियमित आणि खासगी विद्यार्थ्यांचे निकाल वेगवेगळे मांडते. २०२५ ला नियमित विद्यार्थी ९४ टक्के पास झाले, खासगी ८० टक्क्यांच्या आसपास. सतरा नंबरवाले सगळेच शाळेने काढलेले असतात असे अजिबात नाही. तरी ज्याला शिकवण्याची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्याच वाट्याला वर्ग, फळा आणि शिक्षक नसलेले वर्ष येते. शाळेचे मात्र शंभर टक्के होतात.

कागदावर मांडून पाहू. समजा, 'अ' शाळेत आठवीला १२० मुले होती, दहावीच्या परीक्षेला ९२ बसली आणि ९२ पास झाली. निकाल शंभर. 'ब' शाळेत आठवीला ६० होती, दहावीला ५९ बसली, ५५ पास झाली. निकाल ९३. फ्लेक्स 'अ' च्या फाटकावर लागेल. आता छेदात आठवीचा पट घाला. 'अ' चे शंभर मुलांमागे ७७ जण पार झाले, 'ब' चे ९२. आपले मूल आठवीत शिरते आहे, थेट दहावीच्या बाकावर जाऊन बसत नाही; तेव्हा पालकाच्या कामाचा आकडा दुसरा आहे. त्यातही मूल वर्गात पहिल्या पाचांत असेल तर एक वेळ 'अ' चालेल. मधल्या किंवा खालच्या रांगेतले असेल, आणि बहुतेक मुले मधल्याच रांगेत असतात, तर 'अ' शाळेत ते त्या हरवलेल्या २८ जणांत जाण्याची भीती खरी आहे.

यावर मुख्याध्यापक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त असेल. पट कमी होण्याला दरवेळी शाळा जबाबदार नसते. बीड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलेही फडावर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. शहरात भाड्याची खोली बदलली की शाळा बदलते. मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, हे कायद्याने बंद असले तरी घडते. म्हणून निव्वळ वजाबाकी करून शाळेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे होईल. याचे उत्तर असे की प्रश्न 'किती कमी झाली' इथे थांबवू नये, 'कुठे गेली' इथपर्यंत न्यावा. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले मूल दाखल्याच्या नोंदवहीत सापडते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालवणारी शाळा ती नावे तोंडपाठ सांगते. आणि एकाच भागातल्या, सारख्याच वस्तीतली मुले घेणाऱ्या दोन शाळांची तुलना केली की स्थलांतराचा हिशेब दोन्हीकडे सारखाच लागतो. उरलेला फरक शाळेचा. तालुक्याच्या शहरातली शाळा आणि तांड्याजवळची शाळा यांची तुलना करणेच मुळात चूक आहे.

हा पेच आपल्याच नशिबी आला आहे असेही नाही. इंग्लंडात १९९२ पासून शाळावार निकालांची कोष्टके छापली जाऊ लागली, आणि कच्च्या मुलांना परीक्षेआधी पटावरून घसरवण्याचा प्रकार तिथेही बोकाळला. त्याला त्यांनी 'ऑफ-रोलिंग' असे नावच दिले आणि शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या यंत्रणेने तो गैरप्रकार मानला. २०१६ पासून त्यांनी 'प्रोग्रेस एट' ही पद्धत आणली. प्राथमिक शाळा संपताना मूल कुठे होते आणि सोळाव्या वर्षी कुठे पोहोचले, या प्रवासाचे माप. करोनाच्या दोन वर्षांत प्राथमिकच्या परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा ती मुले सोळा वर्षांची झाल्यावर सरकारने हा आकडा काढलाच नाही. सुरुवात ठाऊक नसेल तर प्रवास मोजता येत नाही, ही साधी गोष्ट तिथे सरकारी पातळीवर मान्य झाली. मग निकाल छापणेच बंद करावे का? वेल्सने २००१ मध्ये तेही करून पाहिले. पुढे ब्रिस्टलच्या संशोधकांनी इंग्लंडशी ताडून पाहिले तेव्हा वेल्समधल्या मुलांची कामगिरी मागे पडल्याचे दिसले, आणि फटका खालच्या शाळांना जास्त बसला होता. तेव्हा आकडा झाकून ठेवणे हा उपाय नाही. आकडा पुरा छापणे हा आहे.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि तो मध्यमवर्गीय घरांत रोज ऐकू येतो. "शाळा मुले निवडून घेते हे खरे असेल, पण म्हणून काय झाले? आमचे मूल हुशार मुलांत बसेल, सोबत चांगली मिळेल." सोबतीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. तरी ती परीक्षेतल्या यशात कितपत उतरते, याची एक नेटकी तपासणी झालेली आहे. बोस्टन आणि न्यू यॉर्कमध्ये प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडणारी नामांकित सरकारी हायस्कुले आहेत. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर राहून आत गेलेली आणि किंचित खाली राहून हुकलेली मुले घेतली. दोघांत फरक एक-दोन गुणांचा, म्हणजे नशिबाचा. पुढे त्यांची प्रगती ताडून पाहिली तर नामांकित शाळेत गेल्यामुळे चाचण्यांतल्या गुणांत फारशी भर पडल्याचे दिसले नाही, जरी आजूबाजूची मुले कितीतरी हुशार होती. यातल्या अँग्रिस्ट यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी: तो रेषेच्या जवळच्या मुलांचा आहे आणि गुण म्हणजे सर्वस्व नव्हे. आपल्याकडे जवाहर नवोदय विद्यालयांचे निकाल ९९ टक्क्यांच्या पुढे असतात. सहावीला अख्ख्या जिल्ह्यातून परीक्षा घेऊन जास्तीत जास्त ऐंशी मुले निवडायची, त्यांना निवासी ठेवून शिकवायचे, मग निकाल असा लागणारच. नवोदय चांगली शाळा आहे. फक्त ९९ मधले किती तिने घडवले आणि किती आधीच घडून आले, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. आणखी जवळचा पुरावा तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशातला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या खेड्यांत सोडत काढून सरकारी शाळेतल्या काही मुलांना खासगी शाळेचे शुल्क दिले. चार वर्षांनी पाहिले तर तेलुगू आणि गणितात दोन्हींकडची मुले सारखीच होती. खासगी शाळांनी हिंदी जास्त शिकवली होती आणि खर्च बराच कमी केला होता, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. ती मुले प्राथमिकची होती. पण 'भारी शाळा म्हणजे भारी शिकवणे' या समजुतीला तिथेही तडा गेला.

मग तुलना कशाची करायची? छेदानंतर माझ्या मते दुसरा प्रश्न शिक्षकांचा. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला पदावरचा माणूस आहे की ती तासिका तत्त्वावर, वर्षाला बदलणाऱ्या तरुणाच्या भरवशावर चालली आहेत? संचमान्यतेत, म्हणजे पटावर ठरणाऱ्या पदांच्या मंजुरीत, पद आहे, निवृत्तीनंतर भरले नाही, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून माणूस यायचा आहे, अशी उत्तरे अनेक ठिकाणी मिळतील. त्यात मुख्याध्यापकाचा दोष नसेलही, पण आपल्या मुलाला भूमिती कोण शिकवणार हे आपल्याला कळायलाच हवे. तिसरा प्रश्न तुकडीचा, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. बऱ्याच हायस्कुलांत 'अ' तुकडी सेमी इंग्रजीची असते, गुणांवर भरलेली. चांगले शिक्षक तिच्या वाट्याला जातात. 'ड' तुकडीचे वेळापत्रक पाहिले की तीच शाळा वेगळी दिसते. शाळेचा निकाल सगळ्या तुकड्यांचा मिळून असतो, आपले मूल एकाच तुकडीत बसणार असते.

आणि वही. कोणत्याही शाळेत गेले की आदर्श वह्या पुढे येतात, कव्हर घातलेल्या, अक्षर मोत्यासारखे. त्या बाजूला ठेवून नववीच्या वर्गातल्या मधल्या बाकावरची गणिताची वही मागावी. पाने उलटताना शेवटची लाल सही कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. सही नुसती कोपऱ्यात मारलेली आहे, की चुकलेल्या पायरीवर गोल केला आहे? गोल असेल तर पुढच्या पानावर ते उदाहरण पुन्हा सोडवलेले दिसते का? एका वहीवरून शाळा कळत नाही हे खरे, पण तीन वह्यांवरून फ्लेक्सपेक्षा जास्त कळते. तसेच प्रयोगवहीचे. अख्ख्या वर्गाच्या प्रयोगवह्यांत एकाच प्रयोगाचे निरीक्षण दशांशापर्यंत सारखे असेल, तर परीक्षानळी कपाटातून बाहेर आलेली नाही असे समजायला हरकत नाही. आठवीतल्या एनएमएमएस शिष्यवृत्तीचा आकडाही बोलका असतो. ती परीक्षा बाहेरची आहे, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, आणि वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. तिथेही छेद विसरू नये: निवडक दहा बसवून चार पास करणारी शाळा आणि चाळीस बसवून आठ पास करणारी शाळा यांत मी दुसरी निवडीन.

"एवढे सगळे विचारायला आम्ही कोण? मुख्याध्यापक दारात तरी उभे करतील का?" हा प्रश्न खरा आहे, विशेषतः ज्याच्या अंगावर कामाचे कपडे आहेत त्याच्यासाठी. पण यातले बरेच काही विचारल्यावाचून मिळते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आणि केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर शाळेचे माहितीपत्रक उघडता येते. त्यात वर्गवार पट असतो, शिक्षकसंख्या असते, प्रयोगशाळा आणि स्वच्छतागृहे असतात. तीन वर्षांची पत्रके शेजारी ठेवली की आठवीची मुले दहावीत किती पोहोचली याचा अंदाज घरबसल्या येतो. ही माहिती शाळाच भरते, म्हणून ग्रंथालय 'आहे' असे लिहिलेले असले तरी कपाटाचे कुलूप पाहूनच खात्री करावी. उरलेल्यासाठी माहितीचा अधिकार आहे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर चौघांनी मिळून जावे.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जास्त बोचतो. राज्यातल्या असंख्य गावांना निवड नावाची चीजच नाही. सायकलच्या टप्प्यात एकच हायस्कूल असते. मुलींच्या बाबतीत तर शाळेआधी एसटीचे वेळापत्रक पाहावे लागते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण संध्याकाळी साडेपाचची गाडी रद्द झाली की त्या पासाने घर गाठता येत नाही. आणि जिथे निवड आहे, तिथे जागरूक पालक मूल काढून नेतात, पट घसरतो, पटावर शिक्षकांची पदे ठरत असल्याने शिक्षक 'अतिरिक्त' होतो, आणि मागे राहिलेल्यांची शाळा आणखी दुबळी होते. पालकाने म्हणून आपले मूल पणाला लावावे असे मी म्हणणार नाही. पण एवढे खरे की आज हे चक्र फ्लेक्सवरच्या खोट्या फरकावर फिरते आहे. ९३ टक्क्यांची, कोणालाही बाहेर न काढणारी 'ब' शाळा रिकामी होते आणि गाळून घेणारी 'अ' भरते. पालकांनी छेद पाहायला सुरुवात केली तर निदान मुले सांभाळणाऱ्या शाळेला त्याचा दंड बसणार नाही. जिथे एकच शाळा आहे तिथेही हे प्रश्न निरुपयोगी नाहीत. निवडीसाठी नसले तरी पालकसभेत उभे राहून विचारण्यासाठी ते आहेतच.

मंडळ दरवर्षी निकालाबरोबर नोंदणी झालेले, प्रविष्ट झालेले, उत्तीर्ण आणि टक्केवारी असे रकाने देते. प्रत्येक मुलाची नोंद शिक्षण खात्याच्या 'सरल' प्रणालीत आणि यू-डायसमध्ये आठवीपासून असतेच, त्यामुळे नवे काही गोळा करायचे नाही. शाळावार निकालात 'दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर' असा आणखी एक रकाना शिक्षण खात्याने वाढवावा. तोवर यंदाच्या प्रवेशाच्या वेळी तो आकडा शाळेच्या कार्यालयात तुम्हीच विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.